इम्प्लांटकडे बघायचं कुणी? (स्तनाच्या कॅन्सरनंतरची नऊ वर्षं)

कृष्णाकाठची

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. लिहिते क्वचित, तेही लोणच्याच्या धाग्यांवर. आज विषय वेगळा आहे, सांभाळून घ्या.

२०१६ साली मला डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला. वय ४३. पुण्यात ऑपरेशन झालं, पूर्ण स्तन काढला आणि त्याच बैठकीत आत सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. मग केमो, २५ रेडिएशन, पाच वर्षं टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या. सगळं पार पडलं. आता वर्षातून एकदा सांगलीहून पुण्याला जाते, कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवते, उजव्या बाजूची मॅमोग्राफी होते, ते म्हणतात "छान आहे, पुढच्या वर्षी या", की मिसळ खाऊन परतीची गाडी.

तर दोनेक वर्षांपासून डावी बाजू घट्ट होत चालली आहे. आधी पिकल्या आंब्याइतकी तरी मऊ होती, आता पार कैरी. थोडी वरही सरकली आहे, ब्लाउजची शिवण तिरकी जाते. फेब्रुवारीत डॉक्टरांनी हात लावून पाहिलं, म्हणाले गाठ नाही, घट्टपणाचं प्लास्टिक सर्जनना विचारा. ज्यांनी बसवलं ते सर्जन केव्हाच परदेशी गेले. आणि गेल्या दीड महिन्यात ती बाजू अचानक फुगली. कूस बदलली की आत पाणी हलल्यासारखं वाटतं. दुखत फारसं नाही.

हॉस्पिटलला फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी विचारते, "मॅडम, कॅन्सरचं दाखवायचंय की कॉस्मेटिकचं?" म्हटलं बाई गं, दोन्ही एकाच जागी आहे.

माझा प्रश्न: इम्प्लांटकडे बघायचं काम नक्की कुणाचं? नऊ वर्षांत एकाही माणसाने सांगितलं नाही की याचीही तपासणी करायची असते. असते का? त्याचं काही कार्ड असतं म्हणे, ते मला मिळाल्याचं आठवत नाही. सासूबाई म्हणाल्या शेक घे, म्हणून रोज रात्री रबरी पिशवीने शेकते आहे. फरक शून्य.

पिंपळपान

वाचतेय. माझ्या मोठ्या बहिणीचं २०१८ चं आहे. तिलाही कुणी काही सांगितलेलं नाही.

मालवणी_खाजा

ताई, आधी ती पिशवी खाली ठेवा! मी याच शेकापायी भाजले आहे. काढलेल्या जागेवरच्या कातडीला संवेदना नसते हो. मला कळलंच नाही, सकाळी उठून बघते तर रुपयाएवढा फोड. रेडिएशन झालेली कातडी, भरून यायला दोन महिने लागले. चहा सांडला तरी मला आधी दिसतो, मग कळतो.

सुमनकाकू६८

कोमट एरंडेल तेलाने खालून वर मालिश करावी. आमच्या शेजारणीच्या सुनेला गुण आला होता. फूग वाताने असते.

चकलीचा_काटा

काकू, शेजारणीच्या सुनेला नक्की काय झालं होतं?

सुमनकाकू६८

तिचा गुडघा होता. पण घट्टपणा तो घट्टपणाच ना.

दुसरी_बाजू

काकू _/\_

कृष्णाकाठची, मी तुमच्याच वयाची, नाशिकची. मी इम्प्लांट घेतलंच नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, मी म्हटलं जे गेलं ते गेलं. घरी मीच सुती कापडाची पुरचुंडी शिवते, आत मोहरी भरते. वजन बरोबर येतं, ब्रा वर चढत नाही, खर्च वीस रुपये. तुमचा धागा वाचून वाटलं, बरं झालं नाही घेतलं. तुम्हाला टोचायला लिहीत नाही. पण ४३ व्या वर्षी, दोन मुलं झाल्यावर, हे सगळं आत घालून घ्यायची खरंच गरज असते का? की डॉक्टर म्हणाले म्हणून आपण हो म्हणतो?

चकलीचा_काटा

पावसात भिजलात तर मोहरीला मोड येत नाहीत का? (हलके घ्या.)

दुसरी_बाजू

एकदा वासोटा ट्रेकला भिजले होते. मोड नाही आले, वास मात्र फोडणीचा यायला लागला. तेव्हापासून पावसाळ्यात कापूस.

रेवा_न्यूजर्सी

दुसरी_बाजू, तुमची निवड तुम्हाला लखलाभ, मनापासून. पण "गरज असते का" हा प्रश्न बाहेरून विचारायचा नसतो. मी ३८ ची होते. दोन्ही बाजूंचं केलं. आंघोळ करताना खाली बघितल्यावर मला रडायचं नव्हतं, एवढंच माझं कारण. ते पुरेसं आहे. इथे अमेरिकेत १९९८ च्या कायद्याप्रमाणे जो विमा स्तन काढण्याचे पैसे देतो त्याला पुनर्रचनेचेही द्यावे लागतात, म्हणजे सरकारनेसुद्धा ती चैन मानलेली नाही.

कृष्णाकाठची, तपासणी असते! इथल्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) २०२० मध्ये सांगितलं आहे की सिलिकॉनचं इम्प्लांट असेल तर काही त्रास नसला तरी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय ५ ते ६ वर्षांनी, आणि मग दर २-३ वर्षांनी. कारण सिलिकॉन आतल्या आत फाटलं तर बाहेरून कळत नाही. सलाईनचं फुटलं तर दोन दिवसांत टायर बसतो, सिलिकॉन घट्ट जेल असल्यामुळे जागच्या जागी राहतं. तुमची नऊ वर्षं झालीत. पण तुमचं तर नुसतं वेळापत्रकाचं नाही, सूज आहे. थांबू नका. याच आठवड्यात दाखवा.

दुसरी_बाजू

रेवा, बरोबर आहे तुमचं. तो प्रश्न मी खरं तर स्वतःलाच विचारत होते. शब्द मागे घेते.

मालवणी_खाजा

माझी पण कथा ऐका. मला सरळ इम्प्लांट नाही, आधी एक्सपांडर बसवला होता. म्हणजे रिकामा फुगा आत ठेवतात आणि टाके सुकले की दर आठवड्याला ओपीडीत सुईने थोडं थोडं सलाईन भरत कातडी ताणतात. कणकवलीहून गोव्याला जायचे. नवरा गाडी काढताना विचारायचा, "चल, हवा भरून येऊया?" शेवटी शेवटी तर "पंक्चर पण बघून घे म्हणावं."

त्यात सुई टोचायची जागा सापडावी म्हणून लोहचुंबक असतं. एकदा पाठदुखीसाठी हाडांच्या डॉक्टरने एमआरआय लिहून दिला. आत जायच्या आधी फॉर्म भरताना तिथल्या मुलाने विचारलं, शरीरात काही धातू? मी म्हटलं नाही. दागिने काढले होते ना! सुदैवाने माझी जाऊबाई बरोबर होती, ती ओरडली, "अगो, तुझ्या छातीत लोहचुंबक आसा!" अख्ख्या वेटिंग रूमने वळून बघितलं.

शल्यक

मुंबईत कर्करोग शल्यचिकित्सा करतो. इथे निदान करणार नाही, पण काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

आधी मालवणी_खाजा यांच्याविषयी. जाऊबाईंचे पाय धरा. चुंबक असलेला एक्सपांडर आत असताना एमआरआय करायचा नसतो. कायमच्या इम्प्लांटला तो धोका नाही.

कृष्णाकाठची, तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी लिहिल्या आहेत, त्यांची गल्लत करू नका. हळूहळू आलेला घट्टपणा ही एक. शरीर कोणत्याही परक्या वस्तूभोवती पातळ पिशवी विणतं. ती सगळ्यांनाच होते. काहींमध्ये ती जाड होऊन आवळायला लागते, आणि रेडिएशन घेतलेल्या बाजूला हे बरंच जास्त दिसतं. आम्ही त्याच्या चार पायऱ्या मानतो: पहिलीत मऊ, दुसरीत हाताला किंचित घट्ट पण दिसायला ठीक, तिसरीत घट्ट आणि आकार बिघडलेला, चौथीत कडक आणि दुखरी. शिवण तिरकी जाते म्हणता, म्हणजे तुम्ही तिसरीच्या आसपास असाल. हा कॅन्सर नाही. मालिशने, तेलाने, शेकाने ती पिशवी सैल होत नाही.

दुसरी तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते. बसवून वर्षं लोटल्यावर अचानक आलेली सूज, आत पाणी. बहुतेक वेळा कारण साधं निघतं: मार, जंतुसंसर्ग, फाटलेलं इम्प्लांट, कधी काहीच सापडत नाही. पण एक दुर्मिळ कारण वगळावंच लागतं. इम्प्लांटभोवतीच्या पिशवीत होणारा एक प्रकारचा लिम्फोमा. हा स्तनाचा कॅन्सर नव्हे, रोगप्रतिकारक पेशींचा आहे, आणि तो प्रामुख्याने खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला आहे. सरासरी ८-१० वर्षांनी, बहुधा असाच, पाणी साठून समोर येतो. एफडीएने पहिला इशारा २०११ मध्ये दिला. जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलरगनने आपली बायोसेल जातीची खरखरीत इम्प्लांटं जगभरातून परत मागवली, तेव्हा जगात ५७३ रुग्णांची नोंद होती. लक्षावधी बायकांमधले ५७३. त्यामुळे घाबरण्याचं नाही, पण तपासल्याशिवाय सोडण्याचंही नाही.

करायचं काय: आधी सोनोग्राफी. पाणी असेल तर सोनोग्राफीत बघतच सुईने काढायचं, आंधळेपणाने टोचलं तर इम्प्लांट फुटेल. काढलेलं पाणी फेकून द्यायचं नाही, हे ठासून सांगा. पेशींच्या तपासणीला, जंतूंच्या तपासणीला आणि "सीडी३०" या, लिम्फोमाच्या पेशी ओळखणाऱ्या चाचणीला पाठवायचं. त्या चिठ्ठीवर "इम्प्लांट आहे, लिम्फोमा वगळणे" असं लिहिलेलं हवं, नाहीतर लॅब सीडी३० करत नाही. लवकर सापडला तर इम्प्लांट आणि पिशवी पूर्ण काढली की बहुतेक रुग्णांना पुढे काही लागतही नाही.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: बसवणाऱ्याचं. पण खरं सांगायचं तर आपल्याकडे ते कुणाचंच नसल्यासारखं आहे. यात मी स्वतःलाही धरतो. कॅन्सरच्या फॉलोअपला आम्ही गाठ शोधतो, आणि वर्षातून दहा मिनिटं मिळतात.

चकलीचा_काटा

या प्रतिसादानंतर माझा आयडी महिनाभर गप्प.

अनघा_के

शल्यक सर, मी दरवर्षी पेट स्कॅन करून घेते. त्यात इम्प्लांटचं कळणार नाही का? पंचवीस हजारांचा करते, तर त्यातच सगळं बघून घ्यायला हवं.

शल्यक

अनघाताई, इम्प्लांट फाटलंय का ते पेट स्कॅन नीट सांगत नाही. आणि मुळात काही लक्षण नसताना दरवर्षी पेट करायची गरज नसते, कोणत्याही प्रमाण मार्गदर्शिकेत ते नाही. पहिली तीन वर्षं ३ ते ६ महिन्यांनी डॉक्टरांनी विचारपूस आणि तपासणी करायची, पुढची दोन वर्षं ६ ते १२ महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. दुसऱ्या बाजूची मॅमोग्राफी दरवर्षी. पूर्ण स्तन काढून इम्प्लांट बसवलेल्या बाजूला नेहमीची मॅमोग्राफी लागत नाही. तिथे रोग परत आलाच तर बहुधा कातडीत किंवा तिच्या लगेच खाली येतो, इम्प्लांट त्याच्या मागे असतं, म्हणजे हाताला लागतो. म्हणून आरशासमोर उभं राहून महिन्यातून एकदा स्वतः बघा. फुकट आहे.

अनघा_के

पेटच्या आधीचे आठ दिवस मी झोपत नाही. कुणी "नको" म्हणेल असं वाटलंच नव्हतं. डॉक्टरांशी बोलते.

थेम्सकाठी

लंडनहून. कार्डाबद्दल लिहिते, कारण इथे त्यावरून रामायण झालं आहे. फ्रान्समधली पीआयपी नावाची कंपनी इम्प्लांटमध्ये वैद्यकीय दर्जाचं सोडून कारखान्यात वापरायचं स्वस्त सिलिकॉन भरत होती. २०१० मध्ये उघडकीला आलं. मालक पुढे तुरुंगात गेला. एकट्या ब्रिटनमध्ये साधारण ४७,००० बायकांच्या अंगात ती होती, आणि खरी गंमत पुढे. कितीतरी जणींना आपल्या आत कुठल्या कंपनीचं आहे हेच माहीत नव्हतं. क्लिनिकं बंद पडलेली, कागद गायब. त्यानंतर २०१६ पासून इंग्लंडमध्ये सरकारी नोंदवही सुरू झाली, कुणाला कुठलं बसवलं ते त्यात जातं. म्हणजे उद्या एखादं मॉडेल खराब निघालं तर पत्ता काढता येतो. शेगडी घेतली तरी आपण वॉरंटी कार्ड जपून ठेवतो हो.

हेमंत_डोंबिवली

बायकांच्या धाग्यावर पुरुषाने लिहावं का या विचारात होतो. माझ्या पत्नीचं २०१७ मध्ये झालं, आता ठणठणीत आहे. मी एका विमा कंपनीत क्लेम बघतो, म्हणून एक कामाची गोष्ट.

कृष्णाकाठची, हॉस्पिटलकडे जुनी फाईल मागायला जाल तर बहुधा हात हलवत परत याल. डॉक्टरांना कागदपत्रं तीनच वर्षं ठेवण्याचं बंधन आहे. पण तुम्ही मेडिक्लेम केला होता का? केला असेल तर काम झालं. शरीरात काही बसवलं, मग गुडघा असो, स्टेंट असो की हे, आम्ही इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर आणि बिल मागतोच. त्याशिवाय क्लेम पास होत नाही. त्या स्टिकरवर कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, लॉट नंबर सगळं असतं. ज्या माणसाने तुमच्या घरी क्लेमचे कागद भरले होते त्याच्याकडे झेरॉक्सचा गठ्ठा सापडेल. अशी माणसं झेरॉक्स टाकत नाहीत, मी ओळखतो त्यांना.

कृष्णाकाठची

हेमंतदादा! तो माणूस म्हणजे माझे यजमान. २००४ सालची गॅसची पावतीसुद्धा आहे त्यांच्याकडे. आज विचारते.

शेक बंद केला. मिरजेला सोनोग्राफीची वेळ घेतली आहे, शुक्रवारी. हे सगळं रविवारी रात्री लिहून टाकलं तेव्हा वाटलं होतं दोन-तीन प्रतिसाद येतील.

रेवा_न्यूजर्सी

शुक्रवारी आम्ही सगळ्या तुमच्याबरोबर रांगेत आहोत असं समजा.

पिंपळपान

+१

मालवणी_खाजा

शुक्रवारपर्यंत वेळ जावा म्हणून एक अवांतर. इम्प्लांट असलेल्या कुणाला हा अनुभव आहे का: भाकरी थापताना ती बाजू उडी मारते? माझं छातीच्या स्नायूखाली बसवलंय. हाताला जोर दिला की स्नायू आवळतो आणि ते वर जातं. पहिल्यांदा लेकीने बघितलं तर म्हणाली, आई, तुझी डावी बाजू नाचते. आणि थंडीत गार पडतं. डिसेंबरात आंबोलीला गेलो होतो, एक बाजू माणसाची आणि दुसरी फ्रिजमधली.

रेवा_न्यूजर्सी

हो हो हो! कणीक मळताना. इथे बर्फात तर विचारूच नका. मी घरात शिरले की आधी शेगडीपुढे उभी राहते आणि त्या दोन्ही बाजू सगळ्यात शेवटी गरम होतात. (शेक घेत नाही, नुसती उभी राहते, मालवणीताई रागावू नका.)

दुसरी_बाजू

मोहरी नाचत नाही, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवा.

थेम्सकाठी

अवांतरात माझीही भर. जगातलं पहिलं सिलिकॉन इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं, टिमी जीन लिंडसी नावाच्या बाईला. बाई गेली होती गोंदण काढून घ्यायला! आणि मोबदला म्हणून तिने मागितलं काय, तर "माझे पुढे आलेले कान मागे करून द्या." त्याआधी डॉक्टरांनी ते एका कुत्रीवर करून पाहिलं होतं, तिचं नाव एस्मेराल्डा. कल्पना सुचली ती रक्ताची प्लास्टिकची पिशवी हातात दाबून बघताना.

चकलीचा_काटा

महिना मोडतोय. रक्ताच्या पिशवीवरून हे सुचणारा डॉक्टर बाकी दिवसभर काय विचार करत असेल?

सुमनकाकू६८

मेल्यांनी कुत्रीला पण सोडलं नाही.

आणि कृष्णाकाठची, मी तेलाचं सांगितलं ते मागे घेते गं. माझ्या वेळी काहीच नव्हतं म्हणून जे ठाऊक ते बोलले. माझी आई याच रोगाने गेली. तिने दोन वर्षं पदराखाली झाकून ठेवलं, कुणाला सांगितलं नाही. तू सांगितलंस ते बरं केलंस.

कृष्णाकाठची

सुमनकाकू, तुमचं वाचून थांबले जरा.

आजवरचं: सोनोग्राफीत पाणी दिसलं, बऱ्यापैकी. शल्यक सरांचा प्रतिसाद मोबाईलवर दाखवला. तिथल्या डॉक्टर बाईंनी शांतपणे वाचला, म्हणाल्या "बरोबर लिहिलंय, पण हे इथे नको, कॅन्सर सेंटरलाच करा," आणि स्वतः फोन करून पुण्यात वेळ घेऊन दिली. सोमवारी तिथे सोनोग्राफीखाली १५० मिलीच्या आसपास पाणी काढलं, पिवळसर, जरा गढूळ. मी तीनदा विचारलं, "सीडी३० ला जाणार ना?" तिसऱ्यांदा सिस्टर म्हणाली, "ताई, चिठ्ठीवर लाल शाईने लिहिलंय, बघा." बघितलं. होतं.

रिपोर्टला आठ-दहा दिवस. एमआरआयही सांगितला आहे.

आणि यजमान! निळी फाईल, लोखंडी कपाटाचा सगळ्यात वरचा कप्पा, पीएफच्या कागदांखाली. स्टिकरची झेरॉक्स. इम्प्लांट खरखरीत पृष्ठभागाचं आहे. परत मागवलेलं ते मॉडेल नाही, कंपनीही वेगळी. पण नऊ वर्षं ते स्टिकर माझ्या डोक्यावर कपाटात होतं आणि मला वाटायचं की मला काही दिलंच नाही.

हेमंत_डोंबिवली

यजमानांना माझा दंडवत. ती झेरॉक्स जपा. मोबाईलमध्ये फोटो काढून मुलांनाही पाठवा.

शल्यक

उत्तम. त्रास झालाय म्हणून आणखी एक: वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद आपल्याकडेही होते, २०१५ पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत. रिपोर्ट काहीही येवो, तुमच्या डॉक्टरांना ती नोंद करायला सांगा. आपण नोंदवत नाही, म्हणून आपल्याकडे किती घडतं ते कागदावर येत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी: खरखरीत इम्प्लांट आहे पण काहीही त्रास नाही, अशांनी ते धास्तीने काढून घ्यावं असं एफडीएही म्हणत नाही. सूज, गाठ, आकारातला बदल, वेदना यांवर लक्ष ठेवा.

अनघा_के

सर, आणि तो सांधेदुखी, थकवा, विसराळूपणा इम्प्लांटमुळे होतो म्हणतात, त्याचं काय? नेटवर बायका काढून टाकतायत.

शल्यक

बायका खोटं सांगत नाहीत, त्रास खरा असतो. काहींना काढल्यावर बरं वाटतं हेही खरं. पण ते इम्प्लांटमुळेच आहे असं ठरवणारी चाचणी अजून नाही. त्यात आपल्या रुग्ण केमो झालेल्या, लेट्रोझोलची (हार्मोन रोखणारी) गोळी चालू असलेल्या, पाळी गेलेल्या. सांधे दुखायला चार कारणं आधीच हजर असतात. आधी थायरॉइड, बी१२, डी बघा, गोळ्यांचा विचार करा, मग इम्प्लांटकडे वळा.

पिंपळपान

ताई, रिपोर्ट?

पिंपळपान

ताई?

कृष्णाकाठची

आले आले. उशीर झाला, क्षमा. भाचीचं लग्न होतं आणि मी मुद्दाम फोन बाजूला ठेवला होता.

सीडी३० निगेटिव्ह. जंतू नाहीत. कॅन्सरच्या पेशी नाहीत. कागद हातात आल्यावर यजमान कॅन्टीनमध्ये गेले आणि दोन चहा आणले, दोन्ही स्वतःच पिऊन टाकले. मी काही बोलले नाही.

पण एमआरआयमध्ये इम्प्लांट आत फाटलेलं निघालं. वरचं कवच आतल्या आत दुमडून पडलंय, जेल पिशवीच्या बाहेर गेलेलं नाही. रेडिओलॉजिस्टने स्क्रीनवर दाखवलं, आत वेड्यावाकड्या काळ्या रेषा. याला लिंग्विनी साइन म्हणतात, इटालियन शेवयांवरून. मी म्हटलं आपल्याकडे शोध लागला असता तर कुरडई साइन म्हणाले असते. ते हसले आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या ज्युनिअरला म्हणाले, "कुरडई लिहू नकोस."

म्हणजे काढायचं आहे, भोवतीच्या पिशवीसकट. पुढे काय, यावर नव्या सर्जनबाईंनी पाऊण तास दिला. रेडिएशन झालेल्या जागी पुन्हा इम्प्लांट घातलं तर पुन्हा आवळण्याची शक्यता बरीच. पाठीचा स्नायू फिरवून पुढे आणता येतो, किंवा पोटावरची चरबी-कातडी रक्तवाहिन्यांसकट उचलून वर लावतात, ते मोठं ऑपरेशन, सात-आठ तास. किंवा काहीच न करता सपाट. पोटाचं ऐकल्यावर माझ्या वन्संनी तिथेच हात वर केला, "डॉक्टर, कमी पडलं तर माझं घ्या."

मी अजून ठरवलेलं नाही. दुसरी_बाजू, तुमच्याशी फोनवर बोलायला आवडेल. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.

दुसरी_बाजू

निरोप बघितला. रात्री नऊनंतर कधीही. मी तुम्हाला सपाटच करा असं सांगणार नाही, फक्त विचाराल त्याची उत्तरं देईन. मोहरी कोणत्या दुकानातून घ्यायची तेवढं मात्र न विचारता सांगेन.

चकलीचा_काटा

धागाकर्तीने मूळ प्रश्न वाऱ्यावर सोडलेला आहे. इम्प्लांटकडे बघायचं कुणी?

कृष्णाकाठची

सोडलेला नाही. सर्जनबाईंना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, बसवलं तर मी, काढलं तरी वर्षभर मी. मी म्हटलं, तुम्ही पण परदेशी गेलात तर? त्यांनी माझी फाईल ओढली, पहिल्या पानावर, कॅन्सरच्या डॉक्टरांच्या सहीच्या वर, पेनाने चौकोन काढला. त्यात उपकरण, नंबर, तारीख, पुढची सोनोग्राफी, पुढचा एमआरआय असे रकाने पाडले. म्हणाल्या, "आता मी असो नसो, हे पान जो उघडेल त्याला विचारावं लागेल." मागे वळून ज्युनिअरलाही म्हणाल्या, असा शिक्का बनवून घ्या.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात. तोवर कैरीचा मोसम संपेल, म्हणून या आठवड्यात लोणचं घालून टाकतेय. पाच किलोचं.

सुमनकाकू६८

डाव्या हाताने बरणी उचलू नकोस हो. काखेतल्या गाठी काढल्यात ना? हात सुजेल. मुलाला सांग.

शल्यक

काकू, आजच्या घडीला आम्ही हळूहळू, बेताने वजन उचला असंच सांगतो, हात पार जपून ठेवल्याने फायदा नाही. पण नऊ वर्षं न उचललेली पाच किलोची बरणी एकदम नको. मुलालाच सांगा.

पिंपळपान

बहिणीची फाईल काल रात्री काढली. स्टिकर आहे, गुळगुळीत पृष्ठभागाचं. सात वर्षं झाली, एकदाही सोनोग्राफी नाही. ती म्हणते लग्नसराई संपली की बघू. मी तिला हा धागा छापून पाठवतेय. एकरंगी की रंगीत?